दगडगोट्यांतली दुचाकी: ट्रायल्सबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रायल्स या दुचाकीच्या खेळावर एक छोटं टिपण छापलं होतं, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि सगळ्यात भारी बाइक कोणती असं ज्यांनी ज्यांनी विचारलंय त्यांनी शिरपूरवाल्यांचं उत्तर वाचा, तुमचंही तेच आहे.

चाळीसगाव: ट्रायल्स म्हणजे शेवटी रेसच ना? मग सगळे एवढे हळू काबर चालवतात? एका व्हिडिओत तर माणूस दगडावर गाडी घेऊन नुसता उभाच होता.

ना भो, रेस नाहीच. घड्याळ असतं, पण ते कुणी तासभर रेंगाळू नये म्हणून. ओढा, कातळ, चढ-उतार, झाडाची मुळं असा एक तुकडा फीत लावून आखतात, त्याला सेक्शन म्हणतात, आणि त्यातून पाय जमिनीला न लावता गाडी बाहेर काढायची, बास एवढंच. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, तीनदा टेकला किंवा मग कितीही वेळा टेकला तरी ३, आणि पडलात, फितीबाहेर गेलात किंवा सेक्शन पुरा झालाच नाही तर सरळ ५. हे सगळे गुण दंडाचे, म्हणून दिवसाअखेर ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला. जागेवर थांबायची परवानगी आहे की नाही हे मात्र स्पर्धेप्रमाणे बदलतं, काही ठिकाणी चाक थांबलं की लगेच ५ देतात, त्यामुळे गाडी सुरू करायच्या आधी ते विचारून घ्यायचं.

तो दगडावर उभा राहिलेला बहुतेक स्पेनचा टोनी बोऊ असणार. २००७ पासून २०२४ पर्यंत एक वर्ष न चुकता मैदानी ट्रायल्सचं जागतिक विजेतेपद त्याच्याकडेच, माँटेसा गाडीवर. पुन्हा व्हिडिओ बघाल तेव्हा गाडी कुठे उडते ते बघू नका, त्याचा डावा हात बघा. एक बोट क्लचवर असतं आणि ते सारखं हलत असतं. सगळा खेळ त्या बोटात आहे.

शिरपूर: बजेट दीड लाख. घरात जुनी स्प्लेंडर आहे, काकांकडे आरएक्स १०० झाकून ठेवलीय. एक्सपल्स घेऊ, जुनी हिमालयन घेऊ की बाहेरून खरी ट्रायल बाइक मागवू? मित्र म्हणतात पॉवर पाहिजे.

मित्रांना चहा पाजा आणि गप्प बसवा. ट्रायल्समध्ये पॉवर हा शेवटून पहिला मुद्दा, वजन हा पहिला. सेक्शनमध्ये गाडी दोन गोट्यांत फसली की ती तुम्हालाच उचलून काढायची असते, अंगात गार्ड, डोक्यात हेल्मेट आणि वर आपलं खानदेशचं ऊन.

खरी ट्रायल बाइक म्हणजे बेटा, शेर्को, गॅसगॅस, माँटेसा, टीआरएस अशा कंपन्यांची. वजन ७० किलोच्या आसपास, सीट नावापुरती किंवा नाहीच, टाकी दोन-तीन लिटरची, हँडल भरपूर वळतं आणि खालचे गिअर माणसाच्या चालीचे. स्वप्न म्हणून मस्त आहे. पण कस्टम ड्युटी भरा, भाडं भरा, रस्त्यावर तर चालवता येत नाही, आणि एखादा लिव्हर तुटला की तो परत तिकडूनच मागवा. पहिल्या वर्षी हा विचार डोक्यातून काढा.

हिमालयन ४११ असो की ४५०, दोन्ही १९५ किलोच्या वर. तोरणमाळला जायला झकास, सातपायरी घाटाची वळणं मजेत घ्या, पण ओढ्यातल्या गुळगुळीत गोट्यांवर ती कलंडली की एकट्याने उभी करून दाखवा. एक्सपल्स २०० मधली निवड आहे. १५८ किलोच्या आसपास, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक, इंजिनखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे रविवारी नाल्यात आणि सोमवारी कामावर अशी एकच गाडी पाहिजे असेल तर हीच घ्या. फक्त रॅली किटच्या नादाला लागू नका. त्याने सस्पेन्शन वाढतं तसं सीटही वाढतं, ८९० मिलिमीटरच्या घरात जातं, आणि मोकळ्या माळावर वेगात जायला ते बरं असलं तरी ट्रायल्समध्ये तोल गेला की पाय खालीच पोचत नाही. सेकंडहँडमध्ये हिरो इम्पल्स दिसली तर बघून ठेवा, २०११ साली आलेली १५० सीसी, एक्सपल्सपेक्षा हलकी, बॉडीचे पार्ट मिळायला मात्र कटकट.

काकांच्या आरएक्सला हात लावू नका. ट्रायल्सला वाईट आहे म्हणून नाही, वजन शंभरीच्या जरा वर आणि टू-स्ट्रोक असून खालून बरी ओढते. पण धड कागदांची धड आरएक्स आज कुठल्या भावाला जाते ते बाजारात विचारून या, तिची फ्रेम कापली तर काका तुमच्याशी जन्मात बोलणार नाहीत आणि त्यात चूक तुमचीच असेल.

राहिली स्प्लेंडर. हसू नका. ११० किलोच्या आसपास, दोन्ही चाकं १८ इंची, इंजिन शांतपणे खालून ओढतं, आणि पार्ट गावच्या किराणा दुकानात तेवढे मिळायचे बाकी राहिलेत. पहिलं वर्षभर हिच्यावर शिका आणि दीड लाख बँकेत ठेवा. तीन कामं मात्र आधी करून घ्यायची. एक, पायदान. अशा कम्यूटर गाड्यांचा पुढचा फूटरेस्ट म्हणजे इंजिनच्या खाली बोल्टने बसवलेला आडवा दांडा, दगडावर बसला की तो वाकतो आणि सोबत इंजिनच्या तळाला तडा देऊ शकतो, म्हणून तो काढून फ्रेमला ब्रॅकेट वेल्ड करून रुंद, दुमडणारे फूटपेग बसवा, आणि आहे त्यापेक्षा थोडे मागे, कारण तुम्ही बसून नाही तर उभं राहून चालवणार आहात. दोन, इंजिनखाली चार मिलिमीटरचा पत्रा, कुठलाही फॅब्रिकेशनवाला वाकवून देईल, ऑइल काढायच्या नटपुरतं भोक ठेवायला सांगा. तीन, हँडल उंच आणि रुंद, आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर जरासे खाली झुकवून, म्हणजे उभं राहिल्यावर मनगट सरळ राहतं. त्या लिव्हरचे क्लॅम्प पार आवळायचे नाहीत हां, पडल्यावर ते हँडलवर फिरले पाहिजेत, मोडले नाही पाहिजेत.

आणि हे सगळं केलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणीत आहे त्यापेक्षा गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, पोलिसांनी अडवलं तर त्यांचं बरोबर असेल. पिकअपमध्ये टाकून न्या.

पारोळा: मेकॅनिक म्हणतो मेन जेट मोठा टाक, फ्री-फ्लो सायलेन्सर लाव, गाडी उडेल. करू का?

उडेल की, तुम्हाला घेऊन. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. मेन जेट काम करतो तो अॅक्सिलेटर पाऊणाच्या वर पिळल्यावर. ट्रायल्समध्ये तुम्ही शून्य ते पाव एवढ्यातच खेळत असता, तिथे राज्य पायलट जेटचं आणि मिक्स्चरच्या स्क्रूचं. म्हणजे पैसे तुम्ही अशा जागी घालणार जिथे गाडी कधी जाणारच नाही. फ्री-फ्लो सायलेन्सरने बऱ्याचदा खालचा दम कमीच होतो, आणि आवाजाने शेतमालक लांबूनच काठी घेऊन येतो ते वेगळं.

करायचं ते असं. एअर फिल्टर साफ करा, प्लग बघा, व्हॉल्व्ह सेटिंग करून घ्या. मग इंजिन चांगलं गरम झाल्यावर स्लो, म्हणजे अॅक्सिलेटर न पिळता इंजिन फिरतं तो वेग, सेट करा, गार इंजिनवर केलेलं सेटिंग फुकट जातं. आता स्क्रू कुठे आहे ते नीट बघा, कारण इथे भलेभले गडबड करतात. कार्ब्युरेटरवर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर फिरवला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की उलट घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. अर्धा अर्धा आटा फिरवत ज्या जागी इंजिन सगळ्यात मोकळं आणि एकसारखं फिरतं तिथे थांबा, मग हलकी रेस देऊन बघा. एक क्षण दचकून मग उचलत असेल तर बहुतेक पातळ आहे, घुसमटून धुरकट उचलत असेल तर घट्ट.

हवामानाचं पण लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, गरम हवा विरळ असते, म्हणून डिसेंबरात बरोबर लावलेली गाडी मेमध्ये घट्ट चालते. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या जागी तेच आणखी थोडं. जेट बदलायची गरज क्वचित पडते, स्क्रू पाव-अर्धा आटा हलवला की भागतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत हे काहीच नाही, तिथे फ्युएल इंजेक्शन आपलं आपण सांभाळतं, तुम्ही फिल्टर आणि थ्रॉटल केबलची ढिलाई तेवढी बघा. केबल ढिली असली की अॅक्सिलेटर उशिरा आणि झटक्याने लागतो, आणि कातळावर झटका म्हणजे पाय खाली.

धडगाव: पहिल्या गिअरमध्ये पण गाडी पळतेच, चढावर हळू घेतली की बंद पडते. इंजिनचं काम काढू?

इंजिनला हात पण लावू नका, चेन-स्प्रॉकेट बदला. हिशोब सोपा आहे. समजा पुढे १४ दात आणि मागे ४२, तर प्रमाण ३. पुढे १२ टाकले की साडेतीन. मागेही ४८ केले की ४, म्हणजे त्याच आरपीएमला गाडीचा वेग पाव भाग कमी आणि चाकावरचा जोर तेवढ्याच हिशोबाने जास्त. या जोडीत पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन, म्हणून सुरुवात पुढच्या छोट्या स्प्रॉकेटने करा, स्वस्तात होतं. मागचं मोठं केलं की चेन लांब लागते हे दुकानातच लक्षात ठेवा, नाहीतर परत धडगावहून शहाद्याला चक्कर. आणि पुढचं फार लहान केलं की चेन स्विंगआर्मला घासते आणि लवकर संपते, तिथला रबरी पट्टा बघत राहा.

यावल: ट्रायलवाले म्हणे टायरमध्ये ४-५ पीएसआय हवा ठेवतात. मी ठेवली तर ट्यूबचा वॉलच (हवा भरायची नळी) तुटून आला.

येणारच. ४-५ पीएसआय ही गोष्ट खऱ्या ट्रायल बाइकच्या मागच्या ट्यूबलेस टायरची, त्याच्या बाजू मऊ असतात आणि गाडी असते ७० किलोची. तुमच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवली की रिम आतून फिरते, टायर जागेवर राहतो, ट्यूब त्यांच्यामध्ये ओढली जाते आणि वॉल मुळापासून उपटतो. शिवाय दगडावर रिम चेपते. ट्यूबवर १२ ते १५ च्या खाली उतरू नका, आणि उतरायचंच असेल तर आधी रिम-लॉक बसवा, तो टायरला रिमशी घट्ट धरून ठेवतो. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर १० च्या खालच्या आकड्यांचा भरवसा धरू नका, कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं ते खिशात ठेवा.

तुमच्याकडे दुसरी भानगड बाभळीची. शेताच्या बांधावरून काटे मोडून खाली पडलेले असतात आणि मऊ हवेच्या टायरला ते लोण्यात सुरी जावी तसे जातात. ट्यूबमध्ये सीलंट भरा, एक जास्तीची ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत ठेवा, पंक्चर काढायला शिका.

पावसाळ्यातलं पण इथेच सांगतो. आपली काळी माती ओली झाली की चाकाला लिंपत जाते आणि मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की पुढचं चाक फिरायचंच थांबतं. पुढचं मडगार्ड काढून वर फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला उंच बसवा, चार बोटं जागा राहिली पाहिजे. तरी खरं सांगायचं तर काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस जाऊच नका, मुरमाड माळ किंवा ओढ्याचा कातळ बघा.

साक्री: मनी गाडीनी क्लचप्लेट घडीघडी जळस, काय करू भाऊ?

पत्र पूर्ण अहिराणीत आलंय, वाचून मजा आली. भाऊ, आधी ऑइलचा डबा बघा. त्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे. दुचाकीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, चारचाकीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात आणि त्याने प्लेटी घसरायला लागतात. दुसरं, लिव्हरला थोडी मोकळी ढील ठेवा, केबल ताणलेली असली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. तिसरं, धडगाववाल्यांना सांगितलं ते स्प्रॉकेट करा, गिअर खाली आले की क्लच धरून ठेवायची वेळच कमी येते. हे तिन्ही करूनही जळत असेल तर तुम्ही एकाच चढावर सारखे झुंजताय. एअर-कूल्ड गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चालवताना तिला वारा लागत नाही, दोन-तीन प्रयत्न झाले की बंद करून सावलीत लावा आणि पाणी प्या. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर सराव नकोच.

जळगाव: मी कॉलेजला आहे, उंची पाच फूट एक, वजन ४८. भावाच्या एक्सपल्सवर शिकायचंय पण सगळे म्हणतात तुला गाडी उचलणार नाही. हे मुलींना जमतं का?

जमतं, आणि नुसतं जमत नाही. स्पेनची लाया सान्झ महिलांच्या ट्रायल्समध्ये डझनाहून जास्त वेळा जगज्जेती झाली, आणि तिथे तोल शिकलेली ती बाई २०१५ च्या डाकार रॅलीत सगळ्या पुरुषांच्या गर्दीत नववी आली. आपल्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने २०१९ मध्ये बाहा वर्ल्ड कपचा महिला गट जिंकला, तो वेगाचा खेळ आहे, पण जे सगळे म्हणतात ना, त्यांना ही दोन नावं ऐकव.

आता गाडी उचलण्याचं. पेट्रोल कॉक असेल तर बंद, गाडी गिअरमध्ये, हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवलेलं. मग गाडीकडे पाठ करून खाली बस, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा सीटच्या मागच्या दांड्याला, कंबर सीटला टेकव आणि मागे मागे चालत पायाच्या जोरावर उठव. हाताने ओढून उचलायला गेलीस तर पाठ धरेल. उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेव, नाहीतर ती पलीकडे जाऊन पडेल.

तरी माझा सल्ला, सुरुवात एक्सपल्सवर नको. तिचं सीट ८२० मिलिमीटरच्या वर आहे आणि वजन तुझ्या तिप्पट. कुणाची जुनी शंभर सीसी मिळव. आणि त्याच्याही आधी सायकल घे, खरंच. सायकलवर पेडलवर उभं राहायचं, पुढचं चाक थोडं वळवायचं, ब्रेक धरायचा आणि जागेवर राहायचं. घराच्या अंगणात होतं, पैसे लागत नाहीत, आणि इथे जे जमतं तेच पुढे गाडीवर जमतं.

गाडीवर आल्यावर पहिल्या दिवसापासून उभी राहून चालव. तळव्याचा मधला भाग पेगवर, गुडघे किंचित वाकलेले, कोपरं बाहेर, नजर पुढच्या चाकाच्या दोन गाड्या पुढे. चाकाकडे बघितलं की तोल गेलाच. मोकळ्या जागी दोन विटा गाडीच्या दीड-दोन लांबीएवढ्या अंतरावर ठेव आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढ, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक हलका दाबून. मागच्या ब्रेकने गाडी ताणून धरली जाते आणि झटके मरतात. वळताना गाडी आत झुकू दे, तू मात्र बाहेर राहा, बाहेरच्या पेगवर वजन. रस्त्यावर आपण गाडीसोबत आत झुकतो, इथे बरोबर उलट, आणि हे अंगवळणी पडायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. विटा हळूहळू जवळ आणायच्या. आठ न थांबता, पाय न टेकता निघायला लागला की मगच दगडाकडे जायचं, त्याआधी कुणी कितीही चिडवलं तरी नाही.

घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे गार्ड, हातमोजे आणि नीट बसणारं हेल्मेट. स्पोर्ट शूजवर सराव नको, ट्रायल्समध्ये डोक्याआधी घोटा जातो. अजून एक, मनगटाला बांधायची दोरीवाली किल-स्विच मिळते, पडलो की दोरी सुटते आणि इंजिन बंद. मोठ्या स्पर्धांत ती सक्तीची असते, आपण पण लावायची.

धुळे: लळिंगच्या बाजूला ओढ्यात कातळाचा गुडघ्याएवढा टप्पा आहे. पुढचं चाक चढतं पण मागचं आपटतं आणि गाडी फेकते.

गुडघ्याएवढा टप्पा कम्यूटर गाडीला मोठाच आहे, आधी त्याच्या अर्ध्या उंचीचा शोधा. साधा नियम असा की अडथळा चाकाच्या आसापेक्षा खाली असेल तर चाक लोळत चढतं, आसाच्या वर गेला की चाक उचलून ठेवावं लागतं.

तुमचं चुकतंय ते बहुतेक अॅक्सिलेटरचं. पुढचं चाक वर पोचलं की लोक घाबरून अजून रेस देतात, मग मागचं चाक टप्प्याला पूर्ण ताकदीने धडकतं, स्प्रिंग दबतो आणि उसळून गाडी तुम्हाला पुढे टाकतो. करायचं असं: चालीच्या वेगाने या, टप्प्याच्या हातभर अलीकडे गुडघे वाकवून खाली दबा आणि क्लच सोडत छोटी रेस द्या, पुढचं चाक टप्प्याच्या वरच्या कडेच्या जरा खाली लागलं पाहिजे. ते लागलं की रेस बंद. आता गाडी तिच्या वेगाने चढतेय, तुम्ही पाय सरळ करत अंग हलकं करा आणि वजन पुढे न्या, म्हणजे मागच्या चाकावर तुमचा भार नसतो आणि ते आपोआप वर येतं. वर आल्यावर क्लच आत. लिहायला एवढं लागलं, करायला श्वासभर लागतो.

मागचा शॉकअप पण बघा. तुम्ही पेगवर उभे राहिल्यावर तो एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बसला पाहिजे. अजिबात बसत नसेल तर स्प्रिंग एक-दोन खाचा सैल करा. जुन्या गाडीत ऑइल गळून गेलेलं असतं, तसा शॉकअप उसळीच मारतो, तो बदलण्याला पर्याय नाही. आणि पावसानंतर त्या कातळावर शेवाळ येतं, तेव्हा चालत जाऊन बुटाने घासून बघा. सेक्शन आधी पायी फिरून बघणं हा खेळाचाच भाग आहे, मोठे खेळाडू पण प्रत्येक दगड चालत बघतात. चाक कुठे ठेवायचं हे खाली उभं राहून ठरवायचं, गाडीवर बसल्यावर ठरवायला वेळच मिळत नाही.

भुसावळ: मुलगा १२ वर्षांचा आहे, हट्ट करतो. शिकवू का?

शिकवा, पण सायकलवर. परदेशात मुलांसाठी ओसेटसारख्या छोट्या इलेक्ट्रिक ट्रायल गाड्या मिळतात, मिळाली आणि परवडली तर उत्तम, आवाज नाही, सायलेन्सरचा चटका नाही. तुमची स्कूटर त्याच्या हातात देऊ नका, बंद कंपाउंडमध्ये सुद्धा नको. गिअरची गाडी रस्त्यावर १८ च्या आत नाही म्हणजे नाही.

चोपडा: सातपुड्यात एवढं जंगल आहे, तिथे सराव केला तर काय बिघडलं?

बरंच बिघडेल. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य, खाली पाटणादेवीचा भाग येतो ते गौताळा-औट्रमघाट, या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथे परवानगीशिवाय शिरणंच गुन्हा, गाडी घेऊन दगडावर नाचणं तर लांबच. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलही वनखात्याचंच. तिथे राहणाऱ्या पाड्यांतल्या लोकांच्या गुरांच्या वाटा असतात, झऱ्याचं पाणी प्यायचं असतं, त्यात तुमचं ऑइल सांडलेलं कुणाला चालेल? हौस आपली आहे, जंगल आपलं नाही.

जागा भरपूर आहेत हो. बंद पडलेली दगडाची खदान मालकाला विचारून मिळाली तर तिच्यासारखी जागा नाही, फक्त पाणी साचलेला खड्डा आणि सुटी कडा आधी बघून घ्या. नातेवाइकाचा पडीक माळ, उन्हाळ्यात कोरडा पडलेला शेताकडेचा नाला, हे पण चालतं. मालकाला विचारा, फाटक उघडलं तर बंद करा, पीक उभं असेल तर बांधावर चाक नको. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, एक फुटली तर सबंध गावात तुमचं नाव होईल. एकटे जाऊ नका, आणि मोबाइलला रेंज कुठे येते ते आधी बघून ठेवा.

अमळनेर: आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळी पोरं गावी येतात. तेव्हा आमच्या मळ्यात छोटी ट्रायल्स ठेवायचीय. कशी ठेवू?

आखाजी म्हणजे ऐन उन्हाळा, म्हणून सकाळी सहाला सुरू आणि नऊला संपलं पाहिजे, मग खुशाल झोके घ्या आणि पुरणपोळी-आमरस हाणा. तीन तासांत बसवायचं तर पाच सेक्शन आणि दोन फेऱ्या, पंधरा गाड्यांच्या वर नको. गावातल्या गावात मित्रांनी मिळून करणं वेगळं आणि अधिकृत स्पर्धा वेगळी, त्यासाठी एफएमएससीआय या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेची परवानगी आणि खेळाडूंना लायसन्स लागतं. गर्दी जमवून, बक्षिसाचं बॅनर लावून, तिकीट ठेवून करणार असाल तर त्या वाटेने जा आणि पोलिसांनाही कळवा.

सेक्शन आखताना सगळ्यात नवशिक्या पोराचा विचार करा. वाट गाडीच्या हँडलपेक्षा चांगली दीडपट रुंद, पडलं तर खाली माती असेल अशी, आणि उंच टप्प्याच्या पलीकडे लगेच तीव्र उतार नको. चांगल्या चालवणाऱ्यांसाठी त्याच सेक्शनमध्ये दुसऱ्या रंगाच्या खुणा लावून अवघड वाट करा, म्हणजे जागा तेवढीच लागते. प्रत्येक सेक्शनवर एक माणूस गुण लिहायला, तो चालवणाऱ्यांपैकी कुणाचा सख्खा भाऊ नसावा. शंका आली तर चालवणाऱ्याच्या बाजूने निकाल द्यायचा, हे आधीच जाहीर करा, भांडणं निम्मी होतात. बघणारे फितीच्या बाहेर, आणि चढाच्या खालच्या बाजूला तर कुणीच नको, कारण सुटलेली गाडी तिकडेच येते. प्रथमोपचाराची पेटी, एक चारचाकी उभी तयार आणि तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर. पाण्याचे जार मोजून ठेवता त्याच्या दुप्पट ठेवा.

दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे शून्य गुणाचे सेक्शन जास्त तो वर. तेही सारखे असतील तर एकवाले मोजा, मग दोनवाले. तरी बरोबरीच राहिली तर सगळ्यात अवघड सेक्शन दोघांनाही परत एकदा करायला लावा, तोवर कुणी घरी जात नाही बघा.